‘असावं’ म्हणजे नक्की काय?

मागच्या महिन्यात एकवीस तारखेला सकाळी साडेसातला फोन वाजला. दूध धंद्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांना माहितीये, एक, अकरा आणि एकवीस या तारखांना सकाळी येणारा फोन चांगला नसतो, कारण आदल्या रात्री दहा दिवसांचं बिल निघालेलं असतं आणि कुणाचं ना कुणाचं काहीतरी चुकलेलं असतं. फोनवर संकलन विभागाचे साहेब होते. हॅलो नाही, काही नाही. “अहो, गोऱ्ह्याचं दूध कुठं गेलं?”

गाव वेगळं आहे, गोऱ्हे असं समजू. नावात ऱ्ह असलेलंच गाव का निवडलं ते पुढं कळेल.

तर या गावात दोन संकलन केंद्रं आहेत. एक जुनं, देवळापाशी, आणि एक दोन वर्षांपूर्वी फाट्यावर सुरू झालेलं. दोन्ही एकाच संस्थेची, सचिवही एकच. देवळापाशी रोज तीनशे-सव्वातीनशे लिटर दूध येतं आणि ते अकरा ते वीस तारखेच्या बिलात नव्हतंच. फाट्यावरचं सगळं व्यवस्थित होतं. केंद्रावरच्या पावत्यांवर दोन्हीचं दूध दिसत होतं, उत्पादकांच्या हातात फॅट-एसएनएफसकट (स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) स्लिपा होत्या, फक्त आमच्या रिपोर्टात एकच गोऱ्हे. आता तीन हजार लिटरच्या वर दूध म्हणजे काही बरणीतून सांडलेलं दूध नाही.

आमचं काम असं आहे की केंद्रांवर जे सॉफ्टवेअर चालतं ते आमचं नाही, दुसऱ्या एका छोट्या कंपनीचं आहे, कोल्हापूरकडची पोरं आहेत, कामाला चांगली. ते प्रत्येक पाळीची एक जेसन फाईल पाठवतात (जेसन म्हणजे ‘नाव आणि त्याची किंमत’ अशा जोड्यांत माहिती लिहायची पद्धत), आम्ही ती घेऊन बिल, रिपोर्ट वगैरे करतो. मधे एक अकरा पानांचं डॉक्युमेंट आहे, ज्याला आम्ही मोठ्या तोंडानं ‘स्पेक’ म्हणतो, म्हणजे फाईलमध्ये काय कुठं कसं लिहायचं त्याचे नियम. ते मी लिहिलंय. मराठीत लिहिलंय, कारण दोन्हीकडची माणसं मराठी आणि मागच्या कामात इंग्रजी स्पेकचा जो काही प्रत्येकानं आपापला अर्थ लावला होता तो पाहून म्हटलं निदान भाषेचा तरी गोंधळ नको. (हसा.)

फाईल उघडली तर त्यात ‘गोऱ्हे’ ही की, म्हणजे जोडीतलं नाव, दोनदा होती. पहिल्या गोऱ्ह्याखाली देवळाचे आकडे, दुसऱ्याखाली फाट्याचे. आमचा कोड पायथनमध्ये आहे, आणि पायथनचं नेहमीचं जेसन वाचणारं मॉड्यूल एकच की दोनदा आली की गपचूप शेवटची धरतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. दहा दिवस, वीस पाळ्या, देवळाचं दूध वाचलं जायचं आणि लगेच त्याच्यावर फाट्याचं लिहिलं जायचं.

मी तिकडच्या डेव्हलपरला फोन लावला, जरा तावातच.

“सर, फाईल बरोबर आहे की. दोन केंद्रं, दोन एंट्र्या. आमच्याकडं दोन्ही दिसत्यात.”

“अहो पण दोघांचं नाव एकच आहे ना. स्पेकमध्ये पान चारवर लिहिलंय, प्रत्येक केंद्राचं नाव वेगळं असावं.”

“असावं असं लिहिलंय सर. असलंच पायजे असं कुठं लिहिलंय? मला वाटलं तुम्ही अंदाज सांगताय.”

मी पान चार उघडलं, वाचलं, आणि माझा ताव उतरला. बरोबर होतं त्याचं. ‘तो घरी असावा’ म्हणजे आपण काय समजतो? बहुतेक घरी आहे. ‘लाईट गेली असावी’ म्हणजे गेली वाटतं. आणि ‘मुलीला स्वयंपाक येत असावा’ हे लग्नाच्या बायोडेटात असेल तर अट आणि शेजारणीच्या तोंडी असेल तर अंदाज. ‘नाव वेगळं असावं’ मी अट म्हणून लिहिलं, त्यानं अंदाज म्हणून वाचलं, की बाबा केंद्रांची नावं साधारण वेगळी असतील, तसं धरून चाला. मराठीचं हे रूप दोन्हीकडं चालतं आणि मी ते स्पेकमध्ये, मोजून बघितलं, २३ वेळा वापरलं होतं. सरकारी जीआरमध्ये ‘करण्यात यावे’ असतं ना, तिथं कुणाला शंका येत नाही, कारण खाली शासनाचा शिक्का असतो. माझ्या डॉक्युमेंटखाली माझं नाव आणि व्हर्जन १.२ एवढंच होतं.

गंमत म्हणजे इंग्रजीत हा प्रश्न लोकांनी फार आधी ओळखून त्यावर कागद काढलाय. इंटरनेटचे जे स्टँडर्ड डॉक्युमेंट असतात, आरएफसी, त्यातला २११९ नंबरचा, मार्च १९९७ चा. त्यात फक्त एवढंच सांगितलंय की मस्ट म्हणजे काय, शुड म्हणजे काय, मे म्हणजे काय. मस्ट म्हणजे पर्याय नाही. शुड म्हणजे तुमच्याकडं सबळ कारण असेल तर नका पाळू, पण परिणाम काय होतील ते नीट समजून मग. मे म्हणजे तुमची मर्जी. आणि मग वीस वर्षांनी, मे २०१७ मध्ये, आरएफसी ८१७४ आला, तो कशासाठी, तर हे शब्द कॅपिटल अक्षरांत लिहिले असतील तरच त्यांना हा खास अर्थ, लहान अक्षरांत असतील तर साधी इंग्रजी समजा, हे सांगायला. म्हणजे खुलासा करणाऱ्या कागदाचा खुलासा. मला हे वाचून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण ही युक्ती आपल्याला चालत नाही कारण देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाहीच. बोल्ड करावं म्हटलं तर हे डॉक्युमेंट शेवटी कुणीतरी व्हॉट्सॲपवर कॉपी-पेस्ट करून पाठवणार आणि बोल्ड वाटेत गळून पडणार. म्हणून क्रियापदच बदलायला हवं, त्यावर येतो नंतर.

आधी जेसनचंच सांगतो, कारण मला वाटत होतं की आपण मराठीत लिहिलं म्हणून फसलो आणि मूळ जेसनच्या स्पेकमध्ये हे सगळं चोख असेल. नाही! जेसनचा पहिला आरएफसी, ४६२७, जुलै २००६ मध्ये डग्लस क्रॉकफर्डनी लिहिला, त्यात एका ऑब्जेक्टमधल्या, म्हणजे जोड्यांच्या एका गठ्ठ्यातल्या, नावांबद्दल लिहिलंय की ती युनिक शुड बी. शुड, मस्ट नाही. म्हणजे जवळजवळ माझंच वाक्य, नाव वेगळं असावं. मार्च २०१४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ७१५९ आली, टिम ब्रे यांनी संपादित केलेली, मग डिसेंबर २०१७ मध्ये ८२५९ आली, तेच संपादक, आणि शुड तसाच. फक्त पुढं खुलासा जोडला की नावं युनिक नसतील तर वाचणारं सॉफ्टवेअर काय करेल याचा भरवसा नाही, बरेच जण शेवटची जोडी धरतात, काही जण एरर देतात, काही जण सगळ्या जोड्या देतात. दुसरीकडं एक्मा ४०४ नावाचं जेसनचंच दुसरं स्टँडर्ड आहे, त्याची २०१७ ची आवृत्ती तर सरळ म्हणते की जेसनच्या व्याकरणाला नावं युनिक असायची गरजच नाही. एकच फॉरमॅट आणि दोन घरचे दोन नियम.

मग २०१४ मध्ये तरी मस्ट का नाही केलं? माझा अंदाज असा की तोवर उशीर झाला होता. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या स्टँडर्डनं आधीच लिहून ठेवलं होतं की नाव परत आलं तर आधीच्या किमतीवर नंतरची लिहा. तसं वागणारे पार्सर, म्हणजे जेसन वाचणारे प्रोग्रॅम, जगभर पसरलेले. आता मस्ट लिहिलं तर हे सगळे एका रात्रीत नियमबाह्य, मग कोण घेणार तो वाईटपणा. दूध संस्थेची मीटिंग काय आणि स्टँडर्डची मीटिंग काय.

यामुळं प्रत्यक्षात काय होतं बघा. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये दोन प्रकार आहेत, जेसन आणि जेसनबी. जेसन प्रकारात टाकलं तर मजकूर जसाच्या तसा राहतो, दोन्ही गोऱ्हे सुखरूप, आणि जेसनबीमध्ये टाकलं तर शेवटचं राहतं. एकाच डेटाबेसमध्ये. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस तर कहरच, ८.०.३ च्या आधी पहिली की ठेवायचं आणि त्यानंतर शेवटची ठेवायला लागलं. म्हणजे सर्व्हर अपग्रेड केला की देवळाचं दूध जाऊन फाट्याचं येणार. आणि यातलं कुणीच स्पेक मोडत नाहीये! स्पेकच म्हणतंय भरवसा नाही.

हे नुसतं दुधापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. २०१७ मध्ये काउचडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये एक भोक सापडलं, त्याचं मूळ हेच. युजर तयार करताना जी जेसन पाठवतात तिच्यात ‘रोल्स’ ही की दोनदा पाठवायची, पहिल्यांदा ॲडमिन आणि दुसऱ्यांदा रिकामी. तपासणी करणारा भाग जावास्क्रिप्टमध्ये, तो शेवटची की बघणार, रिकामी आहे, जा आत. आणि परवानग्या ठरवणारा भाग अर्लँग या दुसऱ्या भाषेत, तो पहिली की बघणार, ॲडमिन आहे, या साहेब. दारावरचा वॉचमन एक कागद वाचतो आणि आतला क्लार्क दुसरा. १.७.० आणि २.१.१ या व्हर्जनमध्ये दुरुस्त केलं त्यांनी. मला हे पूर्वी कुठंतरी वाचल्याचं आठवत होतं पण आपल्या अंगावर येईपर्यंत माणूस वाचलेलं विसरलेलंच असतो.

तर पहिली दुरुस्ती सोपी होती. पायथनमध्ये ऑब्जेक्ट पेअर्स हुक म्हणून सोय आहे, तिथं आपलं फंक्शन दिलं की सगळ्या जोड्या हातात येतात, नाव परत आलं की फाईल नाकारायची. दहा ओळी. स्पेकमध्ये ‘असावं’ खोडून ‘असलंच पाहिजे’ केलं, देवळाच्या केंद्राला ‘गोऱ्हे देऊळ’ आणि फाट्याच्या केंद्राला ‘गोऱ्हे फाटा’ असं नाव द्यायला सांगितलं, बिल परत काढलं, साहेबांना फोन केला, मोकळा झालो.

चार दिवस. बरोबर चार दिवसांनी रिपोर्टात ‘गोऱ्हे फाटा’ दोनदा. आता तर नाव दोनदा आलं की फाईल नाकारायची सोय केलेली, तरी फाईल पास! डोळ्यांसमोर दोन ओळी, अक्षर न् अक्षर सारखी, आणि कॉम्प्युटर म्हणतोय वेगळ्या आहेत. मी स्क्रीन झूम करून बघितली, फॉन्ट बदलून बघितला, बायकोला बोलवून दाखवलं, ती म्हणाली एकच आहे की, काय डोकं फिरलंय का.

इथं मराठी माणसाच्या खास वाट्याला आलेला विषय सुरू होतो. आपला तो ऱ्ह, ऱ्य मधला डोळ्याच्या पापणीसारखा र. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, तो लिहायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे ०९३१ नंबरचं ऱ हे अक्षर, मग हलंत (पाय मोडायची खूण), मग ह. दुसरी म्हणजे ०९३० नंबरचा साधा र, मग हलंत, मग झेडडब्ल्यूजे म्हणजे शून्य रुंदीचा जोडणारा, जो दिसत नाही, आणि मग ह. युनिकोडवाले पहिली रीत वापरा म्हणतात, दुसरी जुन्या काळापासून चालत आलेली म्हणून तीही ठेवलीये. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ ला स्वतःची जागा आहे त्यामुळं तिथून पहिली रीत येते, आणि कित्येक फोनेटिक कीबोर्डवरून किंवा जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट केलेल्या मजकुरातून दुसरी. आमच्याकडं सकाळच्या पाळीला केंद्रावरच्या कॉम्प्युटरवरून एंट्री होत होती आणि लाईट गेली की सचिव मोबाईल ॲपवरून करायचे. झालं. एकाच फाईलमध्ये दोन गोऱ्हे फाटा, एक कॉम्प्युटरचं, एक मोबाईलचं.

तुम्ही म्हणाल मग नॉर्मलाइज करा की, म्हणजे वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं एका रीतीत आणा, युनिकोडमध्ये एनएफसी नावाची पद्धत असते ना त्यासाठी. मीही तेच म्हटलं आणि तासभर खूश होतो. पण एनएफसी काय करतं, तर साधा र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असं कुणी लिहिलं असेल तर त्याचं ऱ करून देतं, कारण ते दोन युनिकोडच्या हिशोबानं एकच. झेडडब्ल्यूजेवाला र मात्र त्याच्या हिशोबानं वेगळाच आहे, त्याला ते हात लावत नाही. तसंच ‘ॲ’ चं. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये ०९७२ नंबरला ॲ आला. त्याच्या आधी लोक अ वर चंद्र देऊन काम चालवायचे, काही जण ऍ वापरायचे, अजूनही वापरतात. तिन्ही नंबरनी वेगळे आणि एनएफसी तिघांनाही आहे तसंच सोडून देतं. फॉर्ममध्ये ‘ॲडव्हान्स’ हा शब्द तीन तऱ्हेनं येऊ शकतो. आणि हे टाईप करताना ‘तऱ्हा’ मधला ऱ माझ्या कीबोर्डनं कुठला टाकला, देव जाणे.

मग आमच्या टीममधला एक हुशार मुलगा म्हणाला, झेडडब्ल्यूजे काढूनच टाकू ना सगळीकडून, दिसत तर नाही, कुणाला कळणार. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मग शाळेतली बाई आठवली. आचाऱ्यांना बोलवा आणि आचार्यांना बोलवा. र, हलंत, झेडडब्ल्यूजे, य यातून मधला न दिसणारा काढला की राहतं र, हलंत, य, म्हणजे रफार, म्हणजे र्य. आचाऱ्याचा आचार्य. दऱ्यांचा दर्या. न दिसणाऱ्या एका अक्षरानं लग्नातला स्वयंपाकी गुरुकुलात जाऊन बसतो. म्हणून काढायचा नाही, बदलायचा, म्हणजे साधा र, हलंत, झेडडब्ल्यूजे हे तीन सलग दिसले की तिथं ऱ आणि हलंत ठेवायचं. बाकी ठिकाणचे झेडडब्ल्यूजे तसेच ठेवायचे, क्ष ऐवजी क्‍ष असं फोडून लिहिणारे लोक असतात, त्यांच्या वाटेला कशाला जा.

आता मुद्दा असा की मी पहिल्या दुरुस्तीत ‘नाव वेगळं असलंच पाहिजे’ असं ठणकावून लिहिलं होतं. पण वेगळं म्हणजे काय, ते लिहिलं नव्हतंच. मस्ट की शुड यावर एवढी डोकेफोड केली आणि ‘वेगळं’ हा शब्द तसाच मोकाट सोडला. गोऱ्हे बु. आणि गोऱ्हे बुद्रुक वेगळं का? नावात ‘फेज २’ असेल आणि त्यातला आकडा एकीकडं मराठी, दुसरीकडं इंग्रजी असेल तर? शेवटी स्पेस राहिली तर? कोल्हापूरचा तो डेव्हलपर एकेक करून विचारायला लागला आणि प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर ‘अहो कळतंय ना’ असं होतं, जे उत्तर नाही. त्यांच्या ऑफिसातलं एक टूल गो भाषेत आहे, तिथलं नेहमीचं जेसन पॅकेज फील्डची नावं जुळवताना कॅपिटल-स्मॉलचा फरकही माफ करतं, त्यामुळं इंग्रजी फॅट त्यांनी कसंही लिहिलं तरी त्यांच्याकडं चालायचं आणि आमच्याकडं आपटायचं. आमच्या स्पेकमध्ये याबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे दोघंही बरोबर.

हे आधी कुणी नीट लिहिलंय का म्हणून शोधलं तर दोन ठिकाणी सापडलं. एक्सएमएल, म्हणजे माहिती लिहायचा जेसनसारखाच पण जुना फॉरमॅट, त्याच्या स्पेकमध्ये ‘जुळणे’ या शब्दाची व्याख्याच दिलीये, की दोन नावं एकसारखी असली तरच जुळली, एखादं अक्षर दोन रीतींनी लिहिता येत असेल तर दोन्हीकडं एकच रीत असेल तरच जुळलं, आणि कॅपिटल-स्मॉलची माफी नाही. तुम्हाला पटो न पटो, पण शंका राहत नाही. आणि जेसनच्या बाजूला मार्च २०१५ चा आरएफसी ७४९३, आयजेसन म्हणतात त्याला, म्हणजे जेसनचा जरा कडक भाऊ, तो म्हणतो नाव दोनदा येता कामा नये, मस्ट नॉट, आणि वर सांगतो की दोनदा म्हणजे काय, तर एस्केप (अक्षराऐवजी लिहिलेला त्याचा कोड) उलगडल्यानंतर युनिकोड अक्षरांची तीच रांग. हाही टिम ब्रेंनीच संपादित केलेला, आणि एक्सएमएलच्या संपादकांतही ते होतेच. त्यामुळं मोठ्या जेसनमध्ये शुड कसा राहिला याचं कोडं मला तरी माणसाच्या समजेचं वाटत नाही, मीटिंगचं वाटतं.

एक्सएमएलचं निघालंच आहे तर एक मजा सांगून टाकतो, विषयाला सोडून आहे. १९९८ च्या मूळ एक्सएमएलमध्ये टॅगच्या, म्हणजे माहितीला लावायच्या खुणेच्या, नावात कुठली अक्षरं चालतील याची यादी होती, युनिकोड २.० वरून काढलेली. त्यामुळं नंतर आलेली अक्षरं त्यात नव्हती, आपला ०९७२ वाला ॲ सुद्धा नाही, म्हणजे ‘ॲप’ नावाचा टॅग नियमबाह्य. २००८ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी यादी सोडून मोठमोठे पट्टे धरले, इथपासून तिथपर्यंत सगळं चालेल. ॲ आत आला. पण त्या पट्ट्यात देवनागरीचे आकडेही आले. परिणाम असा की एक्सएमएलच्या टॅगचं नाव इंग्रजी एकनं सुरू करता येत नाही, पण मराठी १ नं करता येतं. आपल्याला मिळालेली ही एकमेव सवलत असावी. (हे असावं अंदाजाचं.)

बरं, मग नावं कशाला की म्हणून वापरता, कोड वापरा ना, हे आता तुम्ही म्हणणारच. खरंय. गावाला जनगणनेचा सहा आकडी कोड आहे, सरकारी डिरेक्टरीतही कोड आहे. आणि नाव बदलतं, गेल्या काही वर्षांत आपण जिल्हे बदलताना बघितलेत, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, ज्यांनी जिल्ह्याचं नाव की म्हणून वापरलं होतं त्यांना विचारा. आम्हीही आता केंद्राला कोड दिलेत. पण कोड देताना पहिली यादी नावांचीच येते, एक्सेलमध्ये, तिघांनी तीन कीबोर्डवर टाईप केलेली, आणि त्यात दोन गोऱ्हे फाटा असतील तर त्यांना दोन कोड मिळतात. म्हणजे घाण आत आलीच, फक्त आता तिच्यावर नंबर पडला. नावं जुळवायचा नियम कुठंतरी लिहावाच लागतो.

तर मग मी पान चार पुन्हा लिहिलं. आधी सगळीकडून ‘असावं, असावा, असावेत’ काढले, २३ च्या २३. त्यांच्या जागी तीनच प्रकार ठेवले. ‘पाहिजेच’ म्हणजे नसेल तर फाईल परत. ‘चालणार नाही’ म्हणजे असेल तर फाईल परत. ‘चालेल’ म्हणजे असलं नसलं तरी फाईल घेणार. शुडसारखं मधलं काही ठेवलंच नाही, कारण ते लिहून बघितलं, ‘शक्यतो’ असं, आणि स्वतःच्याच लक्षात आलं की ‘शक्यतो’ म्हणजे मराठीत नाही. शक्यतो येतो म्हणणारा माणूस कधी आलाय? डॉक्युमेंटच्या सुरुवातीला हे तीन शब्द आणि त्यांचा अर्थ दिला, बाकी वाक्यं साधी मराठी समजा असंही लिहिलं, आमचा छोटासा २११९ आणि ८१७४ एकाच परिच्छेदात.

मग ‘एकच नाव’ म्हणजे काय ते क्रमानं लिहिलं. आधी एस्केप उलगडायचे. मग एनएफसी. मग तो र-हलंत-झेडडब्ल्यूजेचा बदल, मग अ वर चंद्र आणि ऍ या दोघांचा ॲ. (यात ऍ आवडणारे दुखावतील, माफ करा, पण एक काहीतरी ठरवायला लागतं.) मग पुढच्या-मागच्या स्पेस काढायच्या, मधल्या कितीही असल्या तरी एक. मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे. हे सगळं झाल्यावर अक्षरांची रांग तीच असेल तर एकच नाव, नाहीतर वेगळं. बु. आणि बुद्रुक वेगळं, कॅपिटल-स्मॉल वेगळं, मशीननं अर्थ लावायला जायचं नाही. आणि हे फक्त जुळवण्यापुरतं, पावतीवर नाव संस्थेनं जसं दिलं तसंच छापलं पाहिजेच. हे शेवटचं वाक्य साहेबांनी घालायला लावलं, त्यांच्या म्हणण्यानुसार एका संस्थेच्या चेअरमननी नावातला फेज २ चा आकडा इंग्रजी छापला म्हणून पूर्वी एकदा मीटिंग बंद पाडली होती.

आणि चूक झाली तर काय, हेही लिहिलं, जे आधी कुठंच नव्हतं. नाव दोनदा आलं तर पूर्ण फाईल परत, अर्धी घेतली चालणार नाही, आणि परत पाठवताना कुठलं नाव, कितव्या ओळीवर, आणि न दिसणारी अक्षरं नंबरानिशी उलगडून. नाहीतर ‘गोऱ्हे फाटा आणि गोऱ्हे फाटा सारखे आहेत’ असा एरर वाचून समोरचा माणूस फोनच करणार, आणि साडेसातलाच करणार.

व्हर्जन १.३ पाठवलं. तिकडून उत्तर आलं, “सर वाचलं. बरं आहे. पण उदाहरणं द्या, वाक्यं नकोत.” मग एक फाईल बनवली, १४ ओळींची, प्रत्येक ओळीत दोन नावं आणि पुढं एकच की वेगळं. आचारी-आचार्य घातलं, दोन तऱ्हांचे गोऱ्हे, तीन तऱ्हांचं ॲडव्हान्स, बु. आणि बुद्रुक, स्पेसवालं, आकड्यांचं, सगळं. दोघांनी आपापल्या कोडवर चालवायची आणि निकाल एकमेकांना पाठवायचे असं ठरलं.

त्यांच्याकडं १४ पैकी तीन चुकल्या. आमच्याकडं एक. आचारी-आचार्यच, कारण त्या हुशार मुलानं मी जवळजवळ हो म्हटलं होतं तेच हो धरून झेडडब्ल्यूजे आधीच काढून टाकले होते.